अंगठ्यापुरता खळगा

सकाळी दत्तात्रेयने दारातूनच गुजराती पेपर माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाला, "बघ, आपल्या बडोद्याच्या अंगणात काय निघालंय ते." मी पाहिलं तर पहिल्या पानावर माझा कप. पूर्ण कप कुठला असायला! त्याचा कान, कानाला धरून राहिलेला निळसर हिरवा तुकडा, आणि कान जिथे कपाच्या अंगाला मिळतो तिथे अंगठा टेकवण्यापुरता दाबलेला खळगा. तुकड्याशेजारी काळी-पांढरी मोजपट्टी ठेवलेली होती आणि वर ठळक अक्षरांत मथळा होता, 'बे हजार वर्ष पहेलांना कुंभारनो अंगूठो मळ्यो!' दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा अंगठा सापडला म्हणे. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. हातातला पेला कलंडून मांडीवर चहा सांडला आणि तो सांडल्याचंही मला दत्तात्रेयनेच सांगितलं. "अरे संभाळ ने," तो म्हणाला, "एवढं काय झालं? वाच तर खरा." मी वाचत नव्हतो. मी नुसता त्या खळग्याकडे बघत होतो, आणि माझा उजवा अंगठा आपोआप वाकला होता.

दत्तात्रेय माझा शेजारी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला आणि निवृत्त झाल्याबरोबर त्याला इतिहासाने झपाटलं. रविवारी टोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून तो घडियाळी पोळात, जुन्या घरांच्या त्या गल्लीत, लोकांना लाकडी खांबांवरचं कोरीवकाम दाखवत हिंडतो. त्या पोळात माझं लहानपण गेलं. त्या खांबांवर आम्ही खडूने स्टंप काढले, त्यांना पाठी घासल्या, आणि आता दत्तात्रेय त्यांच्यापुढे उभा राहून चांगल्या मोठ्या माणसांना "हात नका लावू" म्हणून दटावतो. मी त्याची पुष्कळ चेष्टा करतो, पण मनातून मला त्याचं कौतुकही वाटतं. या वयात एवढं कशाने तरी वेडं होता येणं सोपं नाही. त्या दिवशी तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि त्याने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. डभोई रस्त्याला, ढाढर नदीच्या काठी नांदरखेडा गाव. गावाबाहेर टेकाड. टेकाडात विटांची भिंत, घोटलेली जमीन, आणि त्या जमिनीवर हा निळा तुकडा. इराणहून खंभातच्या बंदरात उतरलेला असावा, असा बातमीदाराचा कयास. तज्ज्ञांचं मत अजून आलेलं नाही, असं एक वाक्य अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत होतं. ते दत्तात्रेयने वाचलंच नाही. "विचार कर," तो म्हणाला, "दोन हजार वर्षांमागे एका माणसाने ओल्या मातीवर अंगठा दाबला, आणि आज आपण तो बघतोय. माझ्या तर अंगावर काटाच आला." काटा माझ्याही अंगावर आला होता. कारण त्या मातीवर कोणी अंगठा दाबला हे मला ठाऊक नसलं, तरी त्यात रोज सकाळी कोणाचा अंगठा बसत असे हे या जगात एकट्या मलाच ठाऊक होतं.

नांदरखेडा हे माझ्या सवतीचं नाव. माझी बायको निरुपमा पुरातत्त्वाची प्राध्यापक होती. तिला जाऊन आता तीन वर्षं होतील. हे टेकाड पहिल्यांदा उघडलं ते तिने, आमचा कुणाल शाळेत जायला लागला त्या हिवाळ्यात. मी तेव्हा तिच्या कामाला 'खड्डे' म्हणत असे आणि ती न चुकता 'खंदक' म्हणून सुधारत असे. आम्ही संस्थानच्या फौजेतल्या शिलेदारांचे वंशज, ती संस्थानच्या ग्रंथपालांची नात. ती म्हणायची, "उदयसिंहराव, तुमच्या घराण्यात खंदक लपायला खणायचे. आमच्यात बघायला खणतात." काम संपलं की त्यांच्यात तो खंदक पुन्हा बुजवून टाकायचा रिवाज. हे ऐकून मी पहिल्यांदा कपाळावर हात मारला होता. एवढ्या नाजूकपणे, ब्रशने फुंकर घातल्यासारखं झाडून उघडं करायचं आणि मग घमेल्यांनी माती लोटायची? ती म्हणाली, उघडं ठेवलं तर पावसात विटा विरघळतील. मातीसारखं कोणी जपत नाही. आणि बुजवण्याआधी अगदी तळाशी चालू सालाचं एक नाणं ठेवायचं. पुन्हा कधी कोणी खणत आलं, शंभर वर्षांनी का होईना, तर नाणं बघून त्याला कळावं, की इथपर्यंत आधीची माणसं येऊन गेली आहेत. यावरची माती त्यांनी हलवलेली आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नकोस. न पाहिलेल्या, अजून न जन्मलेल्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून आज खिशातलं नाणं पुरून ठेवायचं, ही कल्पनाच मला फार सभ्य वाटली होती. रिफायनरीत आम्ही पाळी बदलताना पुढच्या माणसाला सगळं सांगून जायचो, पण तो माणूस निदान समोर उभा असायचा. तर पेपरातला फोटो पाहताक्षणी मला एवढं उमगलं, की हा तुकडा नांदरखेड्याच्या तळाशी आपला आपण गेलेला नाही. निरुपमाने तो ठेवला. नाण्याच्या जागी की नाण्याबरोबर, आणि माझाच कप का, हे मात्र काही केल्या कळेना.

तो कप फाइन आर्ट्सच्या मेळाव्यात घेतलेला. मुलं स्वतः घडवलेल्या वस्तू पथाऱ्या मांडून विकतात, तिथला. चाकावर केलेला, किंचित एका अंगाला झुकलेला, वरून मोरपंखी झिलई. करणाऱ्याला कान नीट बसवता आला नसावा, म्हणून त्याने बुडाशी अंगठ्याने घट्ट दाबून दिला होता. मी सहज उचलला आणि माझा अंगठा त्या खळग्यात असा बसला की मला तो काढवेना. निरुपमा म्हणाली, "घ्या. तुमच्याच मापाचा आहे." त्यानंतर कोयलीला कामावर नेणाऱ्या बसच्या वेळेपर्यंत रोज सकाळी मी तो कप घेऊन बाल्कनीत उभा राहत असे. रिफायनरीतल्या माणसाला दिवसभर वाफ, शिट्ट्या, तेलाचा वास, आणि कुठला काटा कुठे थरथरतोय याची धास्ती. त्याआधीचा तो थोडा वेळ माझा एकट्याचा. चहा गरम असायचा, पण खळग्यात झिलई जाड साचली होती आणि तिथे अंगठ्याला पोळायचं नाही, नुसती ऊब लागायची. मग एके दिवशी तो फुटला. माझ्या हातून की तिच्या, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. ती म्हणे, मी दिला. मी म्हणे, मला पोचलाच नाही. फरशीवर निळ्या खापऱ्या पसरल्या, आणि मी वाकलो तर ती म्हणाली, "राहू दे, बोटाला लागेल. मी टाकते." मी हळहळत बस पकडली. पुढे कितीतरी कप आले, चांगले, सरळ, कंपनीचे. पण कुठलाही कप हातात घेतला की माझा अंगठा कानाच्या बुडाशी तो खळगा शोधतो. शोधतो, सापडत नाही, मग आपला गप्प बसतो. त्या नादाला कंटाळून मी शेवटी स्टीलचा पेला धरला. त्याला कानच नाही, आशाही नाही.

हिवाळा आला की निरुपमा जायची. बडोद्याला जरा कुठे छान हवा पडते, उत्तरायणाचे पतंग उडायला लागतात, आणि नेमकी तेव्हा माझी बायको कुठल्यातरी टेकाडावर तंबूत. नांदरखेडा, मग सौराष्ट्रात दोन ठिकाणी, मग कच्छच्या कडेला, पुन्हा नांदरखेडा. जीप खाली उभी असे. ती दारात सँडलचे पट्टे आवळत म्हणे, "येते हं." मी पेपरच्या आडून म्हणे, "ये सावकाश. आम्ही काय, इथे वरच्या थरातले." ती हसायची आणि दर वेळी एकच बोलायची, "तुम्हाला घेऊनच चाललेय की." बायका नवऱ्याची समजूत काढायला काहीबाही बोलतात, त्यातलं ते मी समजत असे. रुसलेल्या मुलाला जाताना गोळी द्यावी तसं. मी ती गोळी घेत असे आणि तरी रुसलेलाच राहत असे. ती परत यायची तेव्हा रापलेली असायची, नखांत माती, आणि डोळे असे लखलखीत की मला त्या टेकाडांचा राग यायचा. मला बघून ते तसे कधी लखलखले होते का, याचा मी मनातल्या मनात हिशेब मांडत बसे. ती जेवताना सांगायची, "अहो, आज एक चूल निघाली. चुलीत राख. कोणीतरी सकाळी पेटवलेला विस्तव विझवून गेलंय आणि परत आलंच नाही." घास तसाच हातात राही तिच्या. आणि खरं सांगतो, माझाही. राग आणि कौतुक एकाच माणसाबद्दल इतकं सलग बाळगता येतं हे तिच्याशी लग्न होईपर्यंत मला माहीत नव्हतं.

त्या बातमीनंतरचा आठवडा मी नीट झोपलो नाही असं नाही, पण नीट जागाही नव्हतो. बातमी वणव्यासारखी पसरली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो आला, कोणी त्याला संगीत लावून रील केली, कोणी खाली हात जोडले. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, अंगूठो जोयो?" पाहिलात का म्हणून. कुणालचा बंगळूरहून फोन आला, "बाबा, आईचं नांदरखेडा पेपरात! आई असती तर?" मी म्हटलं, "हो ना." त्यालाही नाही सांगितलं. सांगून काय होणार होतं ते मला लख्ख दिसत होतं. हा तुकडा दोन हजार वर्षांचा नसून आमच्या स्वयंपाकघरातला आहे, असं मी तोंड उघडून म्हटलं की सगळं फुस्स होणार. दत्तात्रेयचा चेहरा पडणार. लोक टेकाडाकडे पाठ फिरवणार. आणि आता तिथलं काम बघते ती मोहना, निरुपमाची लाडकी विद्यार्थिनी, तिचं हसं होणार. उद्या कोणी असंही म्हणेल, की त्या जुन्या बाईंनी मुद्दाम खोटी वस्तू पुरली होती. निरुपमाबद्दल असं कोणी म्हणावं! जिने एका खापरीचा थर चुकला म्हणून स्वतःचा छापलेला लेख मागे घेतला, तिच्याबद्दल! आणि बोललो नाही तर? तर तो तुकडा कुठल्यातरी संग्रहालयात काचेच्या पेटीत जाणार, खाली पितळी पट्टी, आणि मी तिकीट काढून माझा कप बघायला जाणार. मला तो हवा होता. दुसरं काही नाही, मला तो घरी हवा होता. तिने शेवटी काही सांगितलं नाही. दवाखान्यात नळ्या होत्या, बोलणं बंद झालं होतं. आणि आता जमिनीतून एवढंसं काहीतरी माझ्या नावाचं वर आलं, ते मी लोकांना कसं देऊन टाकू? शुक्रवारपर्यंत मी ठरवलं. मोहनाला एकटीला गाठायचं, खरं सांगायचं आणि तुकडा मागून घ्यायचा. पुढे काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल. शनिवारी दत्तात्रेय आला आणि म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस आहे, उद्या खंदक बुजवणार. चाल, जाऊ आपण." मी इतक्या पटकन हो म्हटलं की तो माझ्याकडे बघतच राहिला.

रविवारी त्याच्या गाडीतून निघालो. डभोई रस्ता, कडेला कपाशी, तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे भारे. दत्तात्रेय सारखा बोलत होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. मोहना, एक सांगायचं होतं. मोहना, रागावू नकोस. नांदरखेड्याच्या फाट्यावरच स्कूटरींची रांग लागली. टेकाडाच्या पायथ्याला सेव-उसळीची गाडीसुद्धा उभी, म्हणजे बडोदेकर आलेच समजायचं. मी इथे पूर्वी एकदाच आलो होतो, तेव्हा बाभळी आणि बकऱ्या सोडून कोणी नव्हतं. आता लेकुरवाळ्या बाया, कॉलेजची मुलं, गोरव्याच्या कारखान्यातून सुट्टीला आलेले चार फिटर, धोतरातले म्हातारे. आणि मी एक गोष्ट पाहिली, ती मला अजून तशीच दिसते. खंदकाच्या चारी बाजूंनी दोरी बांधली होती, आणि दोरीपाशी पोचलं की लोक चपला काढत होते. कोणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती. आत देव नव्हता, मूर्ती नव्हती, फक्त विटांची एक भिंत आणि घोटलेली जमीन. पण कोणाचं तरी घर आहे म्हटल्यावर उंबऱ्याशी चपला काढायच्या, एवढं त्यांना पुरलं. मीही काढल्या. खाली वाकून पाहिलं. किती नेटकं काम होतं ते! खंदकाच्या कडा सुरीने वडी पाडावी तशा सरळ. मातीचे थर एकाखाली एक, राखाडी, पिवळा, पुन्हा राखाडी. आणि तळाशी ती जमीन, कुठल्याशा बाईने शेणामातीने सारवलेली, तिच्या हाताचे अर्धगोल फराटे अजून उमटलेले. निरुपमा यासाठी येत होती. मला हे तेव्हाच बघायला यायला हवं होतं असं वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, काहीतरी शिल्लक राहिलं बघायचं.

मोहना दोरीच्या आत उभी राहून लोकांना समजावत होती. उन्हाने काळवंडलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात निरुपमासारखीच टोक झिजलेली थापी. दत्तात्रेयने कॅमेरा सरसावला आणि सगळ्यांच्या वतीने विचारलं, "बेन, पेलो अंगूठो क्यां छे?" तो अंगठा कुठे आहे म्हणून. मोहना हसली. तिने शेजारच्या टेबलावरचा एक काचेचा डबा उचलला आणि स्वच्छ आवाजात गुजरातीत म्हणाली, की पेपरवाल्यांनी मला विचारलंच नाही, मी त्या दिवशी बडोद्यात होते. हा तुकडा जुना नाही. माझ्या आधी माझ्या गुरूंनी, निरुपमाबेननी, हाच खंदक खणला होता. बुजवताना त्यांनी तळाशी खूण म्हणून हे नाणं आणि हा तुकडा ठेवला, म्हणजे आम्ही फसू नये. आणि आम्ही फसलो नाही. रोज येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. मी आठवडाभर जे ओझं वाहत होतो ते तिने असं दोन वाक्यांत खाली ठेवून दिलं. मी लोकांच्या तोंडांकडे पाहिलं. आता पांगतील, आता हसतील.  मग पुढे उभी असलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तो शुं थयुं? बेननी निशानी छे. जोया वगर थोडुं जवाय?" बेनची खूण आहे, ती बघितल्याशिवाय कसं जायचं. आणि रांग हलली ती पुढेच हलली. लोक डब्यापाशी थांबत होते, खळगा बघत होते, आणि मग ती सारवलेली जमीन पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत होते. दत्तात्रेयचा चेहरा जरा उतरला होता खरा. तो माझ्या कानाशी लागला, "म्हणजे वहिनींनी ठेवलेला? तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "तो माझा चहाचा कप आहे."  तो असा खदाखदा हसला की म्हातारीसुद्धा वळली. "एवढे दिवस मी तुझ्या उष्ट्या कपाला हात जोडतोय!" असं म्हणून हा गृहस्थ रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिला, आणखी फोटो काढायला.

गर्दी ओसरल्यावर मोहनाने मला तंबूत नेलं. "काका, येणार म्हणून कळवलं असतं तर गाडी पाठवली असती ने," ती म्हणाली, आणि डबा उघडून तुकडा सरळ माझ्या हातावर ठेवला. थंड होता. इतकी वर्षं मातीत राहून झिलई जरा मंद झाली होती, पण मी अंगठा टेकवला आणि तो बसला. अगदी तसाच.  मोहना दुसरीकडे बघितल्यासारखं करून थापी पुसत राहिली. मग मी विचारलं, नाणं होतं ना, मग हा कशाला? ती म्हणाली, "मीही विचारलं होतं मॅडमना. सौराष्ट्रात मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर होते तेव्हा. त्यांनी पिशवीतून असाच निळा तुकडा काढला आणि नाण्याशेजारी ठेवला. मला म्हणाल्या, नाण्यावरून साल कळेल, माणूस कसा कळणार? नाणं सरकारचं. हा माझ्या घरचा." मी म्हटलं, सौराष्ट्रात? ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं? प्रत्येक ठिकाणी, काका. कच्छला पण मी स्वतः पाहिलाय. एका जागेला एक. पण हा कान त्यांनी इथेच ठेवला, नांदरखेड्याला. हा सगळ्यात चांगला, म्हणायच्या."

बाहेर कोणीतरी घमेली एकावर एक रचत होतं. मी तंबूच्या दोरीला धरून उभा राहिलो. मला आमची बाल्कनी दिसली. कोण्या एका वर्षी तिने धुतलेली खापरं तिथे वर्तमानपत्रावर वाळत घातली होती, नेहमीप्रमाणे, पाय ठेवायला जागा नाही. मी चहा घेऊन उभा होतो, पायाशी मळकट लाल खापरांत एक निळा तुकडा चमकला. मी सहज म्हटलं, हा छान आहे गं, कुठल्या काळातला? ती आतून म्हणाली, "आपल्या." मी म्हटलं, आपल्या म्हणजे? तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ते राहिलंच. माझाच कप, धुऊन, ब्रशने घासून, दोन हजार वर्षांच्या पंगतीला बसवून तिने माझ्या पायाशी मांडला होता, आणि मी त्याचं कौतुक करून बस पकडायला गेलो. तुम्हाला घेऊनच चाललेय की. ती थट्टा नव्हती, समजूत नव्हती, गोळी नव्हती. ती जीपमध्ये बसायची तेव्हा तिच्या पिशवीत मी असायचो. टेकाडांवर मी जळत होतो, आणि त्या सगळ्या टेकाडांच्या तळाशी, सगळ्यांच्या खाली, तिने मला ठेवलं होतं. मला एवढा आनंद झाला की तो सहन होईना. या वयात तंबूत उभं राहून रडायची लाज वाटायला हवी होती, पण मोहनाही रडत होती, त्यामुळे जमून गेलं.

"काका, हा तुम्ही घेऊन जा," ती म्हणाली. "आमच्या दृष्टीने याची काही किंमत नाही. हा तुमचाच आहे." मी रुमाल काढला. तुकडा त्यात गुंडाळला, खिशात ठेवला, वरून हात दाबून पाहिला. याचसाठी आलो होतो. घरी तिच्या फोटोखाली जागा होती. बाल्कनीतून ऊन यायचं तिथे. मी तंबूबाहेर आलो. माणसं खंदकाकाठी फावडी घेऊन थांबली होती. मोहनाने खिसे चाचपून चालू सालाचं नाणं शोधलं आणि शिडीला हात घातला. मी विचारलं, आता नाण्याशेजारी काय ठेवणार? ती म्हणाली, "काही नाही. नुसतं नाणं." नुसतं नाणं. म्हणजे साल कळेल, माणूस कळणार नाही. मी घरी फोटोखाली तो ठेवीन, रोज अंगठा टेकवीन, आणि मी गेल्यावर कुणाल बिचारा एका तुटक्या कानाचं काय करायचं म्हणून घोटाळेल. आणि इथे तिचा सगळ्यात चांगला खंदक, तिने जिथे मला निवडून ठेवलं ती जागा, मीच रिकामी केलेली असेन. ती मला इथे सोडून गेली नव्हती. घेऊन आली होती. मी मोहनाला म्हटलं, "थांब. नाणं दे इकडे."

दत्तात्रेय वरून ओरडत होता, अरे गुडघे, अरे पडशील. मी शिडीवरून खाली उतरलो. तळाशी हवा थंड होती, ओल्या मडक्याचा वास होता, आणि वरचे सगळे आवाज लांब गेले. त्या सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहायला मला संकोच वाटला, म्हणून कडेला, भिंतीशी उभा राहिलो. मोहनाने वरून जागा दाखवली. मी वाकून आधी नाणं ठेवलं. मग रुमाल सोडला, खळग्यात शेवटचा एकदा अंगठा टेकवला, आणि तुकडा खळगा वर येईल असा ठेवला. पेपरच्या आडून कधी बोललो नव्हतो ते तिथे मोठ्याने बोललो, "चल, आलो मी."

वर आल्यावर पहिलं घमेलं त्यांनी माझ्याच हातात दिलं. मी माती लोटली. मग फावडी चालू झाली, आणि बघता बघता नाणं, निळा तुकडा, बाईच्या हाताचे फराटे, राखाडी, पिवळा, सगळं आत गेलं. लोक उभे राहून बघत होते, कोणी हलत नव्हतं. ती म्हातारी थाळीत चहा घेऊन आली. कुठून जमवले असतील, सगळे वेगवेगळ्या कानांचे कप होते. मी एक उचलला. माझा अंगठा सवयीने कानाच्या बुडाशी गेला आणि खळगा शोधू लागला. मी त्याला शोधू दिलं. तो कुठे आहे हे आता मला माहीत होतं.